मळाचं विरजण

वाशीममध्ये घरात माशांची टाकी असली, तर पाहुण्यांचा पहिला प्रश्न माशांबद्दल नसतो. "पाणी कितीदा बदलता?" हा असतो. रास्तच आहे. एकबुर्जी धरणात किती पाणी उरलं यावर जिथे उन्हाळाभर ओट्या-ओट्यावर खल चालतो आणि नळ कधी येणार हे ज्याला नक्की ठाऊक त्याला गल्लीत मान असतो, तिथे साठ लिटर पाणी काचेत कोंडून त्यात गप्पी नाचवणं म्हणजे श्रीमंती चोचलेच. त्यामुळे इथल्या मत्स्यप्रेमीला रंगीत दिवे आणि प्लॅस्टिकचा खजिना घेण्याआधी फिल्टरचा विचार करावा लागतो. फिल्टर चांगला, तर पाणी कमी बदलायचं. पाणी कमी बदललं, तर घरात शांतता.

फिल्टर म्हटलं की आपल्याला गाळणी आठवते. पण गाळणं हे त्याचं दुय्यम काम. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं त्या मानाने गरीब. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, म्हणून पहिल्या विषाची धास्ती जास्त: सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा घातक हिस्सा जवळपास दहापट होतो. या जिवाणूंना तरंगत राहणं मानवत नाही. त्यांना चिकटून बसायला जागा हवी आणि अंगावरून प्राणवायूचं पाणी वाहायला हवं. ही जागा विकत घेणं म्हणजे 'मीडिया' निवडणं.

दुकानात ही जागा नाना रूपांत मिळते. पांढऱ्या सिरॅमिक रिंगा, काटेरी प्लॅस्टिकचे गोळे, काळा स्पंज, ज्वालामुखीचा दगड. ज्वालामुखीचा दगड पाकिटातून विकत घेणारा माणूस साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर घर बांधून राहतो, हे दुकानदार त्याला सांगत नाही. आपला काळा पाषाण बहुतेक ठिकाणी घट्ट असतो, भोकाभोकांचा लागतो, हे खरं. तरी पैसे मोजताना जीव हळहळतोच. रिंगांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की एका लिटरमध्ये शेकडो चौरस मीटर जागा आहे. एवढ्यात आपल्या लेआउटमधले दोन-तीन प्लॉट बसतील! किंमत विचारली की उत्तर येतं, "भाऊ, हे जर्मन हाय." आणि ते शेजारचं स्वस्त? "थे बी जर्मनच हाय, पन चायनाचं."

हा चौरस मीटरांचा हिशेब कागदावर खरा असेलही. पण आतली भोकं इतकी बारीक असतात, की तोंडाशी जिवाणूंचा थर साचला की आत प्राणवायू पोचत नाही. शेकडो मीटरांतला बराच भाग कुलूपबंद खोलीसारखा पडून राहतो. रिंग हातात घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब सोडावा. टेकतो न टेकतो तोच गडप. मग परसातल्या कवेलूच्या तुकड्यावर सोडावा. तोही गडप. घराघरांवर टिनं आल्यापासून उतरवलेल्या कवेलूंचे ढीग आपल्याकडे भिंतीला टेकून उभे आहेत. रंग-सिमेंट न लागलेलं कवेलू फोडून, घासून, उकळून फिल्टरमध्ये टाकलं, तर जिवाणू त्याचा देश विचारत नाहीत.

रिसोडकडच्या एका काकांना हे सगळं सांगितलं. दरवर्षी रायझोबियमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून सोयाबीनच्या बियाण्याला चोळणारा माणूस. त्यांना जिवाणूंचं अप्रूप ते काय! रायझोबियम हवेतला नत्र मुळाच्या गाठीत धरतो, हे त्यांना पाठ. टाकीतले त्याच्याहून वेगळे. पण युरियातून निघालेल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे त्यांचे भाऊबंद काळ्या रानातही राबतात. काका म्हणाले, "म्हंजे आमच्या वावरातले गडी तुम्ही काचंत ठेवले." टाकीतून काढलेलं पिवळट पाणी तुळशीला घातलं की ती का तरारते, याचंही उत्तर त्यातच आलं.

या गड्यांची नावंसुद्धा आपण बरीच वर्षं चुकीची घेत होतो. नायट्राइटवालं काम नायट्रोबॅक्टर करतो असं पुस्तकं सांगत. १९९८ साली टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात. त्याच वर्षी १ जुलैला वाशीम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे वाशीमकरांना समजावून सांगावं लागत नाही.

जागा कोणतीही द्या, वस्ती व्हायला महिना-दीड महिना जातो. हे जिवाणू दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास किंवा जास्त घेतात. घाई असेल तर उपाय जुनाच आहे: ज्याची टाकी मुरलेली, निरोगी आहे त्याच्याकडून स्पंजचा एक मळका तुकडा मागून आणायचा, शेजारून विरजण आणतात तसा. तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीच्या वासाचा तो तुकडा कोणत्याही जर्मन पाकिटापेक्षा मोलाचा. वाटेत तो सुकू द्यायचा नाही, आणि लाइट गेली की बंद पडलेल्या फिल्टरमध्ये तासन्‌तास गुदमरूही द्यायचा नाही.

खरी अडचण पुढे आहे. आपलं घर मळ बघू शकत नाही. मीडिया फार तुंबला तर टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत हलका खळबळून परत ठेवायचा. नळाखाली धरला तर क्लोरीन गड्यांचा निकाल लावतं. पण दिवाळीच्या साफसफाईत हे ऐकतो कोण? घासणी घेऊन सगळे निघालेले असतात. अशा वेळी घरातल्या एकाने टाकीजवळ खुर्ची टाकून ठाम बसून राहावं. सगळे त्याला आळशी म्हणतील. म्हणोत. त्या दिवशी घरात सगळ्यात कामाचं काम तोच करत असतो.