डबल बेल

बिग बॉस लागायच्या आधी मामांचं खोडरबर जागेवर असावं लागतं. पेन्सिल कुणाचीही चालते, खोडरबर मात्र स्वतःचं. या आठवड्यात घराबाहेर कोण जाणार हे मामा मंगळवारीच वहीत लिहून ठेवतात, आणि रविवारी रात्री वही उघडली की तिथे बरोब्बर बाहेर गेलेल्याचंच नाव निघतं. त्या जागचा कागद एव्हाना इतका झिजलेला असतो की खालच्या पानावरचा मागच्या आठवड्याचा अंदाज आरपार दिसतो. "मी म्हटलंच होतं," मामा म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात.

वहीसुद्धा साधी नाही. उभ्या रकान्यांची, लांबट, वर गाडी क्रमांक, चालक, वाहक आणि राखीव असे मथळे स्वहस्ते आखलेली. मामा एसटीत होते. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी आगारात ड्यूट्या लावल्या. उद्या पहाटेच्या पाचच्या गाडीवर चालक कोण, वाहक कोण, मुक्कामी गाडीला कोणाला पाठवायचं, ऐन वेळी कोणी आजारी पडला तर राखीवातला कोण काढायचा. २०१८ साली मामा रिटायर झाले. त्याच वर्षी एप्रिलात कलर्स मराठीवर मराठी बिग बॉस सुरू झालं. आता हा योगायोग म्हणायचा तर म्हणा. मामी त्याला भोग म्हणतात.

मामांचा सिद्धांत असा. जगातल्या कुठल्याही युतीत दोनच माणसं असतात, एक चालक आणि एक वाहक. चालकाच्या हातात स्टिअरिंग असतं, तो हॉर्न वाजवतो, त्याच्याकडे बघून लोकांना वाटतं गाडी हाच नेतोय. पण घंटीची दोरी वाहकाकडे असते. एक बेल दिली की थांब, दोन दिल्या की चल. "तेव्हा टीममध्ये कोण ओरडतोय ते बघू नकोस," मामा मला सांगतात, "दोरी कोणाच्या हातात आहे ते बघ."

त्यांच्या अनुभवाचा कळस म्हणजे एका मुक्कामी गाडीची जोडी. चालक आणि वाहक एकमेकांशी दीड वर्ष बोलत नव्हते. जेवायला बसायचे दोन टोकांना, झोपायचे एक टपावर आणि एक आत. पण गाडी एक दिवस उशिरा आली नाही. सगळा संवाद बेलवर. वाहक रागात असला की दोन बेलमधलं अंतर कमी व्हायचं, एवढाच फरक. मामांनी ही जोडी कधी मोडली नाही. उलट, गळ्यात गळे घालून फिरणारी जोडी दिसली की पुढच्या चार्टात एकाला घाटात पाठवायचे आणि दुसऱ्याला सपाटीवर. कारण विचारलं तर म्हणायचे, "फार जमलं की माणूस प्रवाशांकडे बघत नाही."

त्यामुळे २०२४ चा पाचवा सीझन मामांसाठी दसरा-दिवाळीच होता. महेश मांजरेकरांच्या जागी रितेश देशमुख आले, शनिवार-रविवारच्या हजेरीला 'भाऊचा धक्का' असं नाव पडलं, आणि सोळा जणांच्या घरात पहिल्या काही दिवसांतच ए टीम आणि बी टीम अशी उघड फाळणी झाली. मामांनी तत्काळ दोन पानं आखली. मग एका आठवड्यात बिग बॉसने सगळ्यांच्या जोड्या लावल्या आणि ए टीमची निक्की तांबोळी बी टीमच्या अभिजीत सावंतबरोबर आली. मामा सोफ्यावरून उठून उभे राहिले. राष्ट्रगीताला राहतात तसे.

"ड्यूटी बदलली!" ते म्हणाले. "आता बघ. पोरगा शांत आहे, गाणारा आहे, स्टिअरिंग त्याच्याकडे दिसेल. पण बेल कोण देतंय?"

"कोण?" मी विचारलं.

"ते रविवारी सांगतो."

त्या सीझनमध्ये मामांचा एकच अंदाज खोडरबरालाही निभावता आला नाही. बारामती तालुक्यातल्या मोढव्याच्या सूरज चव्हाणला त्यांनी पहिल्या आठवड्यात 'राखीव' रकान्यात टाकलं आणि सत्तर दिवस तिथेच ठेवलं. "चांगलं पोर आहे, पण याला ना स्टिअरिंग येत ना दोरी." ६ ऑक्टोबरला सूरज जिंकला, अभिजीत दुसरा आला. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मतदान प्रवाशांनी केलं. प्रवाशांना अलोकेशनमधलं काय कळतं?" ट्रॉफीचं त्यांना दुःख नव्हतं. सूरजबद्दल तर त्यांना मायाच वाटायची. दुःख रकान्याचं होतं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. त्या पावसाळ्यात मामांना जरा वरच्या दर्जाचं काही दाखवावं म्हणून मी लॅपटॉपवर अमेरिकेतलं 'सर्व्हायव्हर' लावून दिलं. इंग्रजी कळेल का, अशी मला शंका होती. मामांनी आवाजच बंद करायला लावला. "कोण कोणाशेजारी बसत नाही, एवढं दिसलं की झालं."

पहिला सीझन २००० सालचा, बोर्निओजवळच्या बेटावरचा. इथेही सोळाच माणसं, एकोणचाळीस दिवस, बक्षीस दहा लाख डॉलर. दोन टोळ्या. पण इथे बाहेर काढायचं ते आपापसात मतं टाकून, आणि शेवटी दोघं उरले की काढून टाकलेल्यांपैकी सात जणांनी विजेता ठरवायचा. मामांना हे कळल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला. "म्हणजे ज्याला आपण आडरानात गाडीतून उतरवला, त्यालाच घरी जाऊन विचारायचं, बाबा रे, आम्हाला बक्षीस देतोस का?" दोन मिनिटांनी त्यांनीच तो पुन्हा उघडला. "पण उतरवताना हात धरून उतरवला असेल तर देईलही," स्वतःशीच म्हणाले.

त्या खेळात शॉन नावाचा एक डॉक्टर होता. कोणाचं मन दुखवायला नको म्हणून तो मतं चक्क नावांच्या अकारविल्हे क्रमाने टाकत होता. मामांना तो फार आवडला. आगारात रजेचे अर्ज ते असेच निकाली काढायचे. रिचर्ड हॅचच्या चौकडीने त्याच यादीचा फायदा घेतला. पुढचं नाव कोणाचं हे आधीच ठाऊक असल्यावर आपली मतं त्यावर लावायला कितीसा वेळ लागतो! शेवटी हॅच चार विरुद्ध तीन मतांनी जिंकला, आणि त्या चारांतल्या एकाने तर दोघांना एकेक आकडा सांगायला लावून मत दिलं होतं. हॅचला पुढे बक्षिसावरचा कर न भरल्यावरून तुरुंगात जावं लागलं, हे मी सांगितल्यावर मामांचा चेहरा उजळला. "वाहकाचा हिशेब चुकला, वेबिल जुळलं नाही!"

खरी मजा तिसऱ्या सीझनला. केनियातलं शाबा अभयारण्य. तिथे पहिल्यांदा टोळ्यांची अदलाबदल झाली, दोन्हीकडची तीन-तीन माणसं उचलून समोरच्या टोळीत टाकली. सायलस नावाचा तरुण आधीच्या टोळीत तरुणांचा म्होरक्या होता. तिथल्या म्हाताऱ्या मंडळींना त्याने एकेक करून घरी धाडायला सुरुवात केली होती. अदलाबदलीत तो गेला नव्या टोळीत, आणि बरोबर आले नेमके जुन्या टोळीतले त्याचे दोन विरोधक. मग त्या नव्या टोळीने काय करावं? पुढची शर्यत मुद्दाम हरली. हरल्याशिवाय कोणाला काढता येत नाही म्हणून. आणि सायलसला घरी पाठवला.

मामांनी हा भाग तीनदा बघितला. "मुद्दाम हरले," ते म्हणाले. "असं आपल्याकडे कोणाला सुचणार नाही." मग पेन्सिल कानावर अडकवून बाहेर गेले. गणपतीला तीन आठवडे होते, आणि त्यांच्या चालण्यात मला तेव्हाच काहीतरी दिसायला हवं होतं.

गणपतीला मामांकडे सगळे जमतात. कामं वर्षानुवर्षं ठरलेली. मामी आणि थोरल्या सुनेने मोदक करायचे, मावशी आणि धाकट्या सुनेने पूजेची तयारी, मी आणि मामेभावाने मखर. याला कारण होतं. मामी आणि मावशी, म्हणजे भावजय आणि नणंद, यांचं २००९ पासून उकडीवरून वाजलेलं होतं. उकडीत तेल की तूप, असा प्रश्न होता. त्यानंतर त्या एकमेकींशी बोलायच्या त्या तिसऱ्याच्या तोंडून. "तिला म्हणावं, वाती त्या डब्यात आहेत." "तिला म्हणावं, दिसल्या."

२०२४ साली चतुर्थी शनिवारी आली, ७ सप्टेंबरला. आम्ही पोचलो तर स्वयंपाकघराच्या दारावर चार्ट. लांबट कागद, उभे रकाने. मामांनी सगळ्या जोड्या मोडल्या होत्या. मी मोदकाला, थोरल्या सुनेबरोबर. धाकटी सून मखराला, आणि पूजेच्या साहित्यावर मामी आणि मावशी. शेवटच्या रकान्यात 'राखीव, ऐन वेळची कामं' असं लिहून मामांनी स्वतःचं नाव घातलं होतं. नियंत्रण कक्षातल्या माणसाला स्वतःची ड्यूटी नसते, हे त्यांना त्यातून सुचवायचं होतं.

"दादा, हे काय?" मावशीने विचारलं.

"टीम शफल," मामा म्हणाले. "जोड्या फार जुन्या झाल्या की गंजतात."

दुपारच्या मोदकांविषयी मी फार बोलणार नाही. एकवीसपैकी नऊ उकडताना फुटले, आणि फुटलेल्यांतले सहा माझ्या हातचे होते. मामा मात्र सोप्यावर बसून घरभर बघत होते. त्यांचं खास लक्ष देवघराकडे होतं. तिथे मामी आणि मावशी पाठीला पाठ लावून बसलेल्या, एक वाती वळतेय, एक दूर्वा मोजतेय. "बघ," मामा माझ्या कानात म्हणाले, "मुक्कामी गाडीची जोडी आहे. दोन दिवसांत बेलवर चालेल." संध्याकाळी चारच्या सुमारास मावशीने तिसरं माणूस न गाठता थेट विचारलं, "वहिनी, तुमचं तूप कुठलं हो?" मामांनी वहीत बारीक खूण केली.

पाचला दोघी एकत्र चहा पीत होत्या. सहाला दोघी एकाच वेळी गप्प झाल्या, मी पाण्याला आत गेलो तेव्हा.

रात्रीची आरती आणि भाऊचा धक्का यांच्यात अंतर थोडं होतं. मामांनी आरती लवकर उरकायचं फर्मान काढलं. वही, पेन्सिल, खोडरबर टीव्हीसमोर मांडून ते देवासमोर उभे राहिले. निरांजनं लागली. मी टाळ घेतले. आणि मामी म्हणाल्या,

"अहो, कापूर संपला."

"संपला कसा? चार्टात साहित्य कोणाकडे आहे?"

"आमच्याकडेच आहे," मावशी म्हणाली. "चुकलंच आमचं. दोघींना वाटलं दुसरीने बघितलाय. नवीन जोडी ना, दादा."

"मग आता कोण जाणार?"

मामी चष्मा लावून चार्टापाशी गेल्या. वरपासून सावकाश बोट फिरवत शेवटच्या रकान्यावर आल्या. "राखीव," त्यांनी मोठ्याने वाचलं. "ऐन वेळची कामं."

बारा वर्षं राखीव माणसाला पहाटे तीनला उठवून घाटात धाडलेल्या माणसाला यावर काय बोलता येणार? मामांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कोणीतरी टीव्ही लावला, भाऊचा धक्का सुरू होत होता. चतुर्थीच्या रात्री गावातली निम्मी दुकानं बंद. उघडं सापडलं तर ते स्टँडाजवळ, जाऊन-येऊन पाऊण तास.

मी टाळ ठेवायला मागे वळलो तेव्हा कपाटातल्या तांदळाच्या डब्यामागे मला कापराची डबी दिसली. निळ्या झाकणाची, काठोकाठ भरलेली. मावशीनेही माझ्याकडे बघितलं. मी टाळ पुन्हा हातात घेतले आणि गणपतीकडे बघत राहिलो.

मामा उंबऱ्यात थबकले. एका पायात चप्पल, हातात पिशवी. एकदा टीव्हीकडे, एकदा चार्टाकडे आणि मग सावकाश त्या दोघींकडे त्यांनी बघितलं. ओठ हलले. मला वाटतं ते 'मुद्दाम' म्हणणार होते.

मामींनी पूजेची घंटा उचलली आणि दोन टोल दिले. मामा पायरी उतरून चालू लागले.