आगमनकाळ आणि विरार लोकल

वसईच्या माणसाला वाट पाहायला शिकवावं लागत नाही, असा आमच्या फादरांचा समज आहे. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तो प्रतीक्षेचा, मौनाचा आणि आत्मपरीक्षणाचा, असं ते दर वर्षी पहिल्या रविवारी प्रवचनात सांगतात. पण फादर सेमिनरीत वाढले. सकाळी चर्चगेटला नोकरीला जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. आमचा माणूस फलाटावर विरार लोकलची वाट पाहतो ती गाडी थांबण्याआधीच आत उडी मारायला. आगमनकाळही आम्ही तसाच पाळतो.

चर्चने आपल्या बाजूने कडक बंदोबस्त ठेवलेला असतो. फादरांचा झगा जांभळा, वेदीवरच्या फुलांना कात्री आणि रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ बंद. ख्रिस्तजन्माच्या रात्री देवदूतांनी ज्याची सुरुवात केली ते हे गीत, म्हणून त्या रात्रीसाठी राखून ठेवायचं. प्रत्यक्षात गायकवृंद मागच्या हॉलमध्ये रोज रात्री तेच घोटत बसलेला असतो. त्यामुळे ग्लोरिया बंद असण्याच्या दिवसांत ते जितकं कानावर पडतं, तितकं वर्षभरात पडत नाही.

वेदीजवळ हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवून पेटवायची. ही प्रथा मूळची कॅथलिकांची नव्हे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न हा ल्युथरन पाळक अनाथ मुलं सांभाळत होता. पोरं रोज ‘नाताळ कधी?’ विचारून भंडावत, म्हणून त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिल्या. आम्ही चाकाला सुरूच्या फांद्या गुंडाळतो. पोरांचा प्रश्न अजून तोच आहे. तिसरा रविवार आनंदाचा, म्हणून त्या दिवशी गुलाबी झगा चालतो. तो मुळात जांभळाच असून धुण्यात फिका पडला, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत आहे.

पण आध्यात्मिक तयारीचा खरा कस लागतो तो कन्फेशनच्या संध्याकाळी. नाताळाआधी शेजारच्या चर्चमधले चार-पाच फादर बोलावले जातात आणि चर्चभर खुर्च्या मांडल्या जातात. आमच्या फादरांपुढे रांग अशी नसतेच. त्यांच्याकडे उद्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला जायचं असतं. पाहुण्या फादरांपुढची रांग मात्र पार दारापर्यंत. पाप सांगायला कुणाची हरकत नाही, फक्त पापी ओळखीचा निघू नये. एखाद्या मावशी गुडघे टेकून दहा मिनिटं झाली तरी उठत नाहीत. मग मागे कुजबुज सुरू होते, “सुनेची पापं सांगतायत वाटतं.”

आत्मपरीक्षणाच्या पत्रकात एक प्रश्न हमखास असतो: कुणाशी वैर आहे का? आमच्या आळीत दोन सख्खे भाऊ आहेत. विहिरीवरच्या पंपाची पाळी कुणाची, यावरून बोलणं बंद. दोघंही दर वर्षी नेमाने कन्फेशन करतात, दोघांनाही ‘भावाशी समेट करा’ असंच सांगितलं जातं, आणि दोघंही मनापासून तयार असतात. फक्त दुसऱ्याने आधी यावं, एवढी वाट पाहतात. आगमनकाळाचा तेवढा भाग आमच्याकडे अगदी काटेकोर पाळला जातो.

ख्रिस्तजन्माच्या गोठ्याचं खातं युवकांकडे. १२२३ साली ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून गोठा मांडला तो देवाचं दारिद्र्य लोकांना दिसावं म्हणून. आमच्या बेथलेहेममध्ये धबधबा आहे, पूल आहे आणि रंग बदलणाऱ्या दिव्यांची माळ आहे. दारिद्र्य दिसतं ते नंतर, मंडळाच्या हिशेबात. बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवायची नाही, हा नियम मात्र मोडत नाही. गेल्या नाताळानंतर ती फार जपून ठेवलेली असते, त्यामुळे २४ च्या रात्रीपर्यंत सापडतच नाही.

२०२३ मध्ये तर चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. सकाळी प्रतीक्षेची शेवटची मेणबत्ती पेटली आणि रात्री जन्म. इतका आटोपशीर आठवडा आम्हाला दर वर्षी चालेल.

खरं म्हणजे चर्चच्या पंचांगात नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो, आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्या दिवसांत ग्लोरिया गायची पूर्ण मुभा असते, पण गायकवृंदाचे घसे बसलेले असतात. तेव्हा नाताळाला वसईत यायचं असेल तर २५ नंतर निवांत या, चहा मिळेल. करंज्या आणि केक हवा असेल, तर मात्र आगमनकाळातच या.