वर्ण : निमगोरा

"चिंतामणी होता तो शालू. तुम्ही जांभळा केला."

नवरीच्या आईनं अल्बम काउंटरवर उघडला, सप्तपदीच्या पानावर बोट ठेवलं आणि एवढंच बोलल्या. सोबत पिशवीतून शालू आणला होता. पिशवीत शालू घालून येणारं गिऱ्हाईक भांडायला आलेलं नसतं, खटला चालवायला आलेलं असतं. मी दोष आधी मांडवाच्या कापडावर ढकलला, मग हॅलोजनवर, मग तो हॅलोजन जिथे नको तिथे धरून उभ्या राहिलेल्या नवरीच्या मामावर. मामा त्यांचे सख्खे भाऊ निघाले. शेवटी राहिलेल्या पैशातले पाचशे सोडले आणि बाई गेल्या. शालू मात्र डोक्यात राहिला.

कुंभार पिंपळगावात फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे जन्मापासून तेराव्यापर्यंतची सगळी कामं करायची. बारशाचे फोटो, शाळेच्या दाखल्याचे, पीकविम्याचे, लग्नाचे अल्बम, 'भावी सरपंच' लिहिलेले फ्लेक्स आणि सरतेशेवटी हार घालायची फ्रेम. या सगळ्याला माझ्याकडे एकच प्रिंटर. त्याला सहा बाटल्या : काळी, पिवळी, मॅजेंटा, सायन, आणि शेवटच्या दोघींच्या फिकट धाकट्या बहिणी. मॅजेंटा म्हणजे आपला राणी कलर. सायनला मराठीत धड नाव नाही. नव्या प्लास्टिकच्या बादलीचा रंग म्हटलं की पटकन कळतं. कंपनीची शाई परवडत नाही म्हणून मी लोकल शाई भरायचो, आणि प्रत्येक बाटलीगणिक गावाचा रंग बदलायचा. एका उन्हाळ्यातली आमच्या गावातली सगळी लग्नं काविळीच्या साथीत झाल्यासारखी दिसतात. ती माझी पिवळी बाटली.

आजवरचा उपाय एकच : अंदाज. प्रिंट काढायचा, मान तिरकी करून बघायचं, मॅजेंटा दोननं कमी, परत प्रिंट, परत मान. तिसऱ्या कागदाला चेहरा जमायचा, तेव्हा मागची मोसंबीची बाग निळी पडलेली असायची. जालन्याची मोसंबी, जिला जीआय मानांकन आहे, ती निळी! गावाच्या नावातच कुंभार. मडकं घेताना बाई त्याला टिचकी मारते, कान देते, मग पैसे काढते. फोटोला टिचकी मारून काय कळणार?

तर असं कळलं की रंगालाही टिचकी मारणारं मशीन असतं. नाव स्पेक्ट्रोफोटोमीटर. शहरातल्या एका बंद पडलेल्या प्रेसमधून मी ते जुनं उचललं. जुनं असूनही माझ्या प्रिंटरपेक्षा महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बायकोनं त्या दिवशी तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा तर नुसतं "कोंबडी" एवढंच म्हणाली.

दिसायला मशीन साधं, मुठीत मावेल एवढं. गावानं त्याचं नाव आठवडाभरात झिजवून 'मीटर' केलं. पहिल्याच दिवशी एक तात्या येऊन बोट पुढे करून बसले. "शुगर बघायचंय ना तुमच्याकडं?" मी म्हटलं, तात्या, हे रंगाचं आहे. तात्या म्हणाले, "मग रक्ताचा रंग बघा की."

ते चालतं कसं, हे सांगायला मला चौथीच्या वर्गात जावं लागेल. गुरुजींनी इंद्रधनुष्य पाठ करून घेतलं होतं : तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. हे मशीन म्हणजे हट्टाला पेटलेला तानापिहिनिपाजा. आपला पांढरा उजेड कागदावर पंचेचाळीस अंशातून टाकायचा, परत आलेला उजेड समोरून सरळ पकडायचा, आणि जांभळ्या टोकाच्या ३८० नॅनोमीटरपासून तांबड्या टोकाच्या ७३० पर्यंत दर दहा नॅनोमीटरला किती शिल्लक आला ते मोजायचं. म्हणजे गुरुजींच्या सात घरांच्या जागी छत्तीस घरं. कामाला लावण्याआधी त्याला एका पांढऱ्या टाइलवर ठेवावं लागतं. पांढरं म्हणजे काय हे एकदा दाखवलं की मग ते बाकीच्या जगाबद्दल मत द्यायला मोकळं. गावात अशी बरीच माणसं आहेत, फक्त त्यांना टाइलही लागत नाही.

आता मुख्य काम. प्रिंटरच्या सेटिंगमधली सगळी रंग-दुरुस्ती बंद करायची आणि त्याला शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता छापायला लावायचा, म्हणजे तो आपल्या मूळ स्वभावावर येतो. हा तक्ता थेट आजीच्या गोधडीसारखा दिसतो, नुसते तुकडेच तुकडे. तो दिवसभर वाळवायचा, कारण ओल्या शाईचा रंग वेगळा आणि वाळल्यावर वेगळा. मग पट्टीच्या आधारानं मशीन एकेका ओळीवरून सरकवायचं. हळू सरकलं की कुरकूर, जोरात सरकलं की कुरकूर, नीट सरकलं की 'पीक' असा आवाज. मी दुपारी दोनला बसलो. सातव्या ओळीला लाइट गेली. लाइट आल्यावर पहिल्यापासून. अकराव्या ओळीला मशीन अडून बसलं. कितीही फिरवा, 'पुन्हा वाचा' म्हणे. चष्मा लावून बघितलं तर एका फिकट पिवळ्या चौकोनावर धाकट्याच्या अंगठ्याचा ठसा, गुळासकट. कुठलं पोर, कुठला अंगठा, गूळ कुठल्या डब्यातला, सगळा तपास लागला. पण तक्ता परत छापावा लागला, परत दिवसभर वाळवावा लागला.

एवढं झाल्यावर कॉम्प्युटर त्या मापांवरून एक फाइल बनवतो. तिला प्रोफाइल म्हणतात. इथे माझा एक गैरसमज दूर झाला. मला वाटायचं मशीन लावलं की प्रिंटर सुधारतो. छे! सुधारणं म्हणजे कॅलिब्रेशन, वळण लावणं. ते थोडंफार होतं. प्रोफाइल म्हणजे नुसता स्वभाव लिहून ठेवणं : हा तांबडं सांगितलं की नारिंगीकडे झुकतो, करडं सांगितलं की हिरवं करतो, तेव्हा याला सांगतानाच उलटं सांगा. बायकोला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी मशीन कशाला? अठरा वर्षं मी तेच करतेय."

या मापांमागे आणखी एक भानगड आहे, आणि ती कळल्यापासून मी मशीनशी जरा अंतर राखून वागतो. छत्तीस आकड्यांचा रंग होत नाही. माणसाच्या डोळ्याला ते कसे दिसतील हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरलं १९३१ साली. सीआयई नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगानं 'प्रमाण निरीक्षक' ठरवला, म्हणजे जगातला सरासरी डोळा. त्यासाठी इंग्लंडात राइट यांनी दहा जणांचे आणि गिल्ड यांनी सात जणांचे डोळे तपासले होते. झाले सतरा. आमच्या ग्रामसभेला सतरा माणसं आली तर सभा तहकूब करतात, आणि इथे सतरा जणांनी सगळ्या जगाचा तांबडा-हिरवा ठरवून टाकला! त्यात आमच्या घनसावंगी तालुक्याचा एकही नाही. ज्या तालुक्यात १६०८ साली जांबला समर्थ जन्मले, त्या तालुक्याला साधं एक डोळ्याचं प्रतिनिधित्व नाही. चिंतामणी रंग बघितलेला माणूस त्या सतरांत असता तर माझे पाचशे रुपये वाचले असते.

पुढे १९७६ साली त्यावरच लॅब नावाची मांडणी आली. एल म्हणजे उजळपणा, शून्य ते शंभर. ए म्हणजे हिरव्यापासून तांबड्याकडे. बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्याकडे. दोन रंगांतल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात. ते एकच्या आत असेल तर साध्या डोळ्याला फरक कळत नाही असं मानतात. मानणाऱ्यांनी आमच्या आत्याला कापडाच्या दुकानात बघितलेलं नाही.

ते असो. प्रोफाइल लावून पहिला प्रिंट काढला आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. करडा रंग करडा! माझ्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवर गेली कित्येक वर्षं शेवाळ यायचं, ते गेलं. मोसंबी मोसंबीसारखी, ऊस उसासारखा. फक्त कागदाचा पांढरा भाग निळसर मोजला जात होता, त्याचाही उलगडा झाला : फोटोपेपरला कारखान्यातच टिनोपालसारखं काही तरी घातलेलं असतं. आई आण्णांच्या धोतराला घालायची तेच. उन्हातलं अतिनील पिऊन ते निळं चमकतं आणि कागद आहे त्याहून पांढरा भासतो. म्हणजे फसवाफसवीला मी एकटाच जबाबदार नव्हतो, कागदही सामील होता.

आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी एक मुलगा स्थळासाठी फोटो काढायला आला. कडक इस्त्री, कपाळावर ओलं कुंकू. मी फोटो काढला, छापला, हातात दिला. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"दादा, ह्यो कोन हाय?"

"तूच."

"म्या असा हाय?"

मी पुरावा म्हणून त्याच्या गालाला मशीन टेकवलं, फोटोला टेकवलं, आकडे शेजारी शेजारी दाखवले. जवळजवळ तंतोतंत. पोराचा चेहरा असा पडला की मला आकडे पुसावेसे वाटले. वडील मागे उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "फोटोवाले, मशीन बंद करा आन् मागच्यासारखं काढा. लेकराचं लगीन व्हायचंय."

मग रांगच लागली. भावी सरपंचांच्या कार्यकर्त्यांनी फ्लेक्स परत आणला : "साहेब उन्हात फिरल्यासारखे दिसतेत." मी म्हटलं, प्रचारच चाललाय ना? तर म्हणे, फिरावं उन्हात, दिसावं सावलीत. माझी जुनी पिवळी बाटली या गावाचं अर्धं काम बिनबोभाट करत होती हे मला आता कळलं. तिनं कुणाला तरी हळदीची झाक दिली होती, कुणाचं उन्हं खाल्लेलं कातडं मुरवलं होतं, आणि मी तिला चोर ठरवून हाकलून दिली होती.

एका रात्री दुकान बंद करताना बायको म्हणाली, "अहो, तुमचं बघा ना." मी टाळलं. तिनं माझा हात धरून मनगटावर मशीन ठेवलं. पीक. एल चव्वेचाळीस.

"चव्वेचाळीस म्हणजे?"

"शंभरातले."

"म्हणजे नापास नाही, पण..." ती उठली, कपाटातली पत्र्याची पेटी काढली आणि तळातून एक घडी पडलेला कागद काढला. आमच्या मामांच्या सुवाच्य अक्षरातला माझा बायोडाटा. उंची, शिक्षण, शेती, आणि खाली : वर्ण : निमगोरा. "हा निम कुठल्या बाजूचा होता?" तिनं विचारलं. मी म्हणालो, त्या वेळी मोजायची सोय नव्हती. तिनं स्वतःचं मोजू दिलं नाही. मराठीत रंगाला किती शब्द आहेत बघा : गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा, उजळ, सतेज. या सगळ्यांच्या दरबारात मशीन म्हणतं, चव्वेचाळीस.

तेव्हापासून कॉम्प्युटरवर दोन प्रोफाइल आहेत. एकीचं नाव 'मोजलेली', दुसरीचं 'मामांची'. मोसंबी, ऊस, बैल, ट्रॅक्टर मोजलेलीत. माणसं मामांचीत.

मशीनला खरी कदर मिळाली ती गल्लीतल्या बायकांकडून, आणि तीही वेगळ्याच कामासाठी. ब्लाऊजपीस! साडीला मॅचिंग शोधायला परतूर-अंबडच्या फेऱ्या मारणाऱ्या बायका आता आधी माझ्याकडे यायच्या. साडीला टेकव, पीसला टेकव, डेल्टा ई बघ. "दोनच्या वर आला, नको बाई," असं म्हणून चौथी शिकलेल्या काकू पीस परत करू लागल्या. फॉल लावायच्या धाग्यांची रिळं घेऊन शिंपीणबाईही येऊन गेल्या. एकही फोटो न छापता दुकानात गर्दी.

मग एक दिवस बायकोनं तिची स्वतःची साडी आणली, भावानं दिवाळीत दिलेली. सोबत ब्लाऊजपीस. मी टेकवलं : डेल्टा ई शून्य पूर्णांक आठ. म्हटलं, सोन्याहून पिवळं, घेऊन टाक. ती म्हणाली, "जरा फिरवून बघा." पदर फिरवून टेकवलं : सहा. आडवा करून टेकवलं : अकरा. मी पांढरी टाइल दाखवली, परत टेकवलं, आकडा भलताच. मशीनला घाम फुटायचा बाकी होता.

"अहो, उन्हात चला."

बाहेर पायरीवर उभं राहून तिनं पदर दोन्ही हातांत धरला आणि सावकाश कलता केला. रस्त्याकडून बघितलं तर निळा. दुकानाकडून बघितलं तर जांभळा. मधे कुठेतरी दोन्ही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, धूपछाव. माझं मशीन पंचेचाळीस अंशातून उजेड टाकून समोरून एकदाच बघतं. बाई साडी नेसून चालते, वळते, वाकते.

"कुठला रंग म्हणायचा हा?" मी विचारलं, पण मला उत्तर येऊ लागलं होतं.

"चिंतामणी."

मी तिला त्या शालूची, त्या अल्बमची, पाचशे रुपयांची गोष्ट सांगितली. तिनं पदराची घडी घातली. "तेव्हाच एक शब्द मला विचारायचा होता," म्हणाली आणि ब्लाऊजपीस घेऊन आत गेली. मी मागोमाग गेलो. लॅपटॉपवर पाटी आली होती : कॅलिब्रेशनची मुदत संपली आहे, उपकरण पांढऱ्या टाइलवर ठेवा.