एककवाले सर

उमापुरात आमच्या सरांना नुसता आकडा कुणी सांगत नाही. भाजीवाली ‘चाळीस’ म्हणाली की सर विचारणार, “चाळीस काय? रुपये? आणि किलोला का पावशेराला?” तीही आता तयार झालीय. सर दिसले की लांबूनच ओरडते, “चाळीस रुपये भागिले किलो!”

सर निवृत्त झाले, पण उत्तरापुढं एकक नसलं की अर्धा मार्क कापायची खोड गेली नाही. १९९९ साली एककांच्याच घोळानं नासाचं यान मंगळापाशी नष्ट झालं. एका गटानं आकडे पाउंडात दिले, दुसऱ्यानं ते न्यूटन समजून वापरले. सर हे असं सांगतात, की जणू यान गेवराईच्या फाट्यावरच पडलं.

मुलानं लॅपटॉपात मॅथकॅड हे गणिताचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि सरांना जोडीदार मिळाला. त्यात आकड्याला एकक चिकटवून समीकरण मांडता येतं. मीटरमध्ये सेकंद मिळवायला गेलं, की ते अडून बसतं. “माझ्यासारखंच खडूस आहे,” सर कौतुकानं सांगतात.

परवा शेजारचे आबा आले. “सर, एकरभर रान भिजवायचंय. बोअरला दोन इंच पाणी हाय. किती वेळ लागंल?”

सरांनी समीकरण मांडलं: वेळ म्हणजे रानाचं क्षेत्र गुणिले पाण्याची खोली, भागिले बोअरचं पाणी. रानात दोन इंच पाणी चढवायचं धरलं. बोअरचेही दोनच इंच. वेळेचं उत्तर आलं, एक एकर.

“बराबर हाय,” आबा म्हणाले. “तेवढंच रान हाय माझं.”

सर खवळले. इंच ही लांबी; पाणी सेकंदाला किती लिटर ते सांगा! बादली आणि घड्याळ घेऊन ते स्वतः बोअरवर गेले. १५ लिटरची बादली ६ सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर. आता उत्तर आलं २२.८४ तास.

“पण लाईट आठच तास असती की.”

मॅथकॅडमध्ये आपलं एकक आपणच ठरवता येतं. सरांनी लिहिलं: १ लाईट = ८ तास. उत्तर २.८६ लाईट. सरांचा चेहरा उजळला.

“म्हंजी तीन दिवस,” आबा उठत म्हणाले. “पर ह्या हप्त्यात लाईट रातची हाय, सर. ते कुठं लिवता?”