चढ रे बाबा!

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र स्वतः रथ घेऊन युधिष्ठिराला न्यायला येतो, आणि युधिष्ठिर अडून बसतो की हा कुत्रा येणार नसेल तर मीही येत नाही. कीर्तनकारांनी यातून निष्ठा काढली, करुणा काढली, शरणागताचं रक्षण काढलं. माझी शंका साधी आहे. इंद्राने ‘बरं, घे त्यालाही’ म्हटलं असतं, तर त्या कुत्र्याला रथात चढवणार कोण होतं? भीम वाटेतच पडलेला. युधिष्ठिराचं वय झालेलं, वर हिमालयातली थंडी. व्यासांनी ऐन वेळी कुत्र्याचा यमधर्म करून टाकला आणि प्रश्न मिटवला. पुण्यात, कोथरूडच्या पार्किंगमध्ये, अशी सोय नाही.

आमचा कुत्रा कंदी पेढ्याच्या रंगाचा लॅब्रॅडॉर आहे, म्हणून त्याचं नाव पेढा. पिल्लू होता तेव्हा मी त्याला काखोटीला मारून गाडीत टाकायचो. ती पद्धत त्याने जपली, वजन तेवढं जपलं नाही. आता तो ३४ किलोंचा आहे. डिकी उघडली की तिच्यासमोर जाऊन उभा राहतो, मान वळवून माझ्याकडे बघतो आणि फलाटावर हमालाची वाट पाहणाऱ्या संस्थानिकासारखा अंग सैल सोडतो.

कुत्रा उचलायचं शास्त्र आहे. एक हात छातीखालून, दुसरा मागच्या मांड्यांच्या पाठीमागून, वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. सगळं बरोबर, पण दोन्ही हात असे गुंतले की डिकीचं दार सावरायला तिसरा लागतो. तो हिचा. ही एका हाताने दार धरते आणि सूचना करते. ‘अहो, त्याची शेपूट बघा.’ माझी कंबर कोणी बघत नाही. शेवटी ती हाडांच्या डॉक्टरांनी बघितली आणि पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही असं बजावलं. ‘कुत्रा?’ मी विचारलं. एक्स-रेवरची नजर न काढता ते म्हणाले, ‘जात कुठली?’

तेव्हा पेढ्याने आपण होऊन उडी मारली पाहिजे, असा ठराव झाला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी त्याचे सांधे तपासू. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष बराच आढळतो, आणि आपण ज्याला आळस म्हणतो ते कधी कधी दुखणं असतं. फोटो काढले. सांधे उत्तम. दोघांचे एक्स-रे शेजारी ठेवले असते तर गाडीत उचलून कोणाला घालायला हवं, हे कोणीही सांगितलं असतं.

मग मी वाचायला बसलो. घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणणाऱ्या पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते घंटेसाठी नव्हे, पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी. पेढ्याचा याच विषयात दांडगा अनुभव असल्यामुळे मला धीर आला. पुढे मानसशास्त्रज्ञ स्किनर भेटला. या गृहस्थाने कबुतरांना टेबल टेनिससारखा खेळ शिकवला होता. दुसऱ्या महायुद्धात तर कबुतरांकरवी बॉम्बला दिशा द्यायचा घाट घातला होता. लष्कराने तो कधी वापरला नाही, पण कबुतरं तयार होती. त्याची युक्ती अशी की अख्खी करामत एकदम मागायची नाही. त्या दिशेने जरासं काही केलं की लगेच खाऊ, मग थोडं जास्त केल्यावर खाऊ, असं सरकत जायचं.

खाऊ म्हणजे उकडलेली कलेजी. ही स्वतः अंड्यालाही शिवत नाही. बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणि नाकाला पदर, अशा थाटात कलेजी शिजायची आणि कोथिंबीर तेवढी घालायची राहायची. गाडी बंद, सगळी दारं उघडी, वाटी टायरपाशी. पेढ्याने खाल्लं. वाटी डिकीच्या काठावर. पेढ्याने पुढचे दोन पाय काठावर ठेवून खाल्लं. वाटी वीतभर आत. पेढा वीतभर लांब झाला. वाटी आणखी आत. पेढा आणखी लांब झाला. लॅब्रॅडॉर गरजेप्रमाणे ताणला जातो, हे पुस्तकवाल्यांनी लिहून ठेवायला हवं होतं. मागचे पाय जमिनीवरून सुटले नाहीत ते नाहीतच.

एव्हाना सोसायटीतले लोक बाकावर जागा धरू लागले होते. पुण्यात प्रेक्षक फुकट बसत नाही, सल्ला देऊन बसतो. वॉचमनमामा म्हणाले, ‘साहेब, तुम्ही चढून दाखवा, मग तो चढंल.’ मला पटलं. मी डिकीत शिरलो, गुडघे पोटाशी घेतले आणि आतून हाका मारल्या. पेढा खाली बसून कौतुकाने शेपूट हलवत राहिला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या, थबकल्या, आणि हिला हळूच म्हणाल्या, ‘कुठे सोडायला चाललीस?’

उलगडा झाला तो एका रविवारी. मासळीवाल्याचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो फाटकाशी येऊन थांबला, मागची फळी खाली पडली आणि पेढा माझ्या हातातल्या साखळीसकट हौद्यात होता. तो हौदा आमच्या डिकीपेक्षा चांगला उंच. म्हणजे उडी येत होती. जावंसं वाटत नव्हतं. आणि का वाटावं? आमच्या गाडीला त्याच्या हिशेबी एकच स्टॉप होता, दवाखाना. तिथे सुई टोचत आणि थर्मामीटर जिथे लावत, तिथे जायला मी तरी उडी मारली असती का? स्किनरची कबुतरं निदान बॉम्ब कुठे चाललाय ते न कळता बसत असतील. पेढ्याला पत्ता पाठ होता.

मग गाडीचा मार्ग बदलला. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी ओढत, म्हणून मुळशीच्या वाटेवरचा एक ओढा गाठला. उचलायला मुलाला गाठलं. डिकीचा तळ गुळगुळीत प्लॅस्टिकचा, पाय घसरतात म्हणून आजीची सतरंजी अंथरली. ओढ्यात पेढ्याने जो धिंगाणा घातला त्याने सतरंजी कायमची त्याच्या नावावर झाली. अशा काही फेऱ्या झाल्या. मग एका सकाळी डिकी उघडून मी कमरेचा पट्टा आवळतोय, वर बघतो तर पेढा आत बसून माझी वाट बघतोय. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाच्या दहावीला आलं नव्हतं.

पाव्हलॉव्हला आणखी एक गोष्ट आढळली होती. कुत्र्याला एका आवाजाची सवय लावली की त्याच्या जवळपासच्या आवाजांनाही लाळ सुटते. हे मी वाचलं होतं, पण घंटेपुरतं. दसऱ्याला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची नवी गाडी आली. बॉनेटवर स्वस्तिक, आरशांना झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, काकांच्या हातात नारळ, आणि मागे डिकी सताड उघडी. आत सोसायटीत वाटायचा मिठाईचा खोका.

उडी अप्रतिम होती. काठाला नखही लागलं नाही.

उतरायचं आम्ही शिकवलेलं नव्हतं. उंचावरून खाली उडी सांध्यांना वाईट, म्हणून डॉक्टरीणबाईंनीच मना केलं होतं. नव्या गाडीच्या सीटचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. काका नारळ धरून तसेच उभे. त्यांच्या घरच्या काकू म्हणत होत्या, ‘असू दे, असू दे, मुकं जनावर आहे,’ पण आवाज सणासुदीचा नव्हता. गुरुजींनी पळी ताम्हनात ठेवली, डिकीत डोकावून पाहिलं, खोक्याचं झाकण दोन बोटांनी उचललं आणि काकांकडे वळले.

‘नैवेद्य झालेला दिसतोय. आता आधी नारळ घेऊ की आरती?’