जोह्याचे काका आणि रामेन

आमचे जोह्याचे काका कुठल्याही नव्या गोष्टीचं स्वागत एकाच वाक्यानं करतात, "त्यान काय नवीन हाय?" पहिल्यांदा पिझ्झा पुढ्यात आला तेव्हा म्हणाले, "भाकरी फुगली नाय म्हनून वर टोमॅटो लावलाय." अटल सेतूवरून नेलं, तर सबंध पूल गप्प बसले आणि शिवडी आल्यावर निकाल दिला, "पानी तं आपलेच खाडीचा हाय."

पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने घरोघर. काकांचा हात तिथं डोळ्यांच्या आखणीवर बसलेला. इतकी बारीक नजर असलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटू नये, याचं नवल आम्हीच करतो.

दसरा झाल्यावर कारखान्यात जरा निवांतपणा आला, तेव्हा त्यांच्या लेकीनं आम्हा सगळ्यांना नवी मुंबईतल्या एका जपानी हॉटेलात नेलं. रामेन खायला. काकांनी मेन्यूकार्ड हातभर लांब धरून वाचलं. किमतीच तेवढ्या नीट वाचल्या. "डुकराचा नको. कोंबरी चालंल," एवढं सांगून ते खुर्चीत मांडी घालून बसले.

वाडगा आला. वर अर्धं कापलेलं अंडं, पांढरा भाग बदामी, बलक नुकता कुठे आळलेला. काका अंड्यावर वाकले. "ह्यो रंग हातानं नाय दिलेला." सोयासॉसमध्ये मुरत ठेवतात, असं वेटरनं सांगितलं. "तेच बोलतो मी. फासलेला रंग असा बसत नाय."

मग एक नूडल त्यांनी चिमटीत धरून ताणली. "अंडं नाय घातला, मंग पिवली कशी?" लेक म्हणाली, "बाबा, पिठात क्षाराचं पाणी घालतात, कान्सुई म्हणतात त्याला. त्यानं रंगही येतो आणि चिवटपणाही."

काकांनी टेबलावर थाप मारली. "म्हंजे पापरखार! बाय, तुझे आयेनं पोह्यांचे पापराला जन्मभर काय घातला?" वाद घालायला जागाच नव्हती. दोन्हीकडे काम कार्बोनेटचंच. पेणच्या पापडाशी नातं जुळल्याबरोबर जपान काकांच्या सोयरिकीत आला.

काड्यांनी त्यांची बोटं अडली नाहीत. आयुष्यभर कुंचला धरलेला हात तो. अडले ते भुरक्यावर. काकीच्या धाकानं ओठ मिटून, आवाज न करता ओढत होते. जपानात रामेन भुरकूनच खातात, त्यात वाईट काही नाही, हे लेकीनं सांगितलं मात्र, आणि काकांनी असा भुरका मारला की शेजारच्या टेबलावरचं बाळ रडायचं थांबलं. काकीकडे बघून म्हणाले, "आयकलास?"

मी माहिती पुरवायला गेलो, की रामेनचं मूळ चिनी आहे. "मंग त्यांचा पन नाय." मोमोफुकु आंदो नावाच्या गृहस्थांनी झटपट शिजणारे नूडल्स १९५८ साली बाजारात आणले, असंही सांगितलं. काका म्हणाले, "अठ्ठावनला तं मी पन आलो." जणू दोघं एकाच बोटीनं उतरले होते.

नूडल्स संपल्या. वाडग्यात रस्सा उरला आणि काका अस्वस्थ झाले. "भात सांग." लेकीनं कपाळाला हात लावला. वेटर मात्र हसून म्हणाला, "काका, जपानीसुद्धा उरलेल्या सूपमध्ये भात घालून खातात." काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, की बिल आम्ही निमूटपणे भरलं.

परतीच्या वाटेवर मत विचारलं. "ठीक हाय. आपले कालवणाची सर नाय."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो तर तिथं पाठ चालू होता. रंगकाम करणारा एक पोरगा म्हणाला, "म्हंजे मॅगीच ना?" काकांनी कुंचला खाली ठेवला. "मॅगी? अरं, रस्सा येगला, खालचा मसाला येगला, वरचा त्याल येगला! रस्सा तासन् तास उकलावा लागतो. आन आवाज करून खावाचा, नायतर त्यांना वाटतं आवरला नाय." पोरं ब्रश हातात धरून ऐकत होती. काकी आतून म्हणाली, "काल तं नाक मुरडत होतास!" ते त्यांना ऐकू आलं नाही.

आता लेकीनं कोरियन हॉटेलाचं नाव काढलंय. काकांना विचारलं, तर म्हणाले, "मना काय हौस नाय. पन तुमाला नीट मागवता येत नाय, म्हनून येतो."