आधी चर्चा, मग गाणं

जर्मनीत लोकगीतांच्या मैफलीला गिटार आणि गळा पुरत नाही; वादही लागतो. हुन्सरुकच्या डोंगराळ भागात, बुर्ग वाल्डेकच्या पडक्या किल्ल्यापाशी १९६४ ते १९६९ या काळात असे महोत्सव भरले. जुनी गाणी नाझींनी संचलनाला जुंपलेली, ती तोंडात घ्यायची पंचाईत. मग फ्रान्झ योसेफ डेगेनहार्ट, राइनहार्ट माय प्रभृतींनी नवी रचली. १९६८ साली मात्र श्रोत्यांतल्या क्रांतिवीरांनी फर्मावलं, गिटारी बाजूला ठेवा, चर्चा करा. गायक गप्प, श्रोते तारस्वरात! वर्षभरातच ती मालिका आटोपली. हल्ली वादांची जागा अर्जांनी घेतली आहे. जाहीर मैफल म्हटली की ‘गेमा’ या हक्कसंस्थेकडे नोंदणी आलीच. रचनाकाराच्या मृत्यूला ७० वर्षं उलटली की मूळ गाणं फुकट. गायलेल्या गाण्यांची यादी मात्र तरीही भरून द्यावी लागते.